बडीची हवा आपल्या मनगटावर

प्रश्न : आम्ही नवरा-बायको कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ आणि अंदमानला स्कूबा डायव्हिंग करतो, एकमेकांचे बडी म्हणजे पाण्यातले जोडीदार म्हणून. सिलिंडरमधला हवेचा दाब मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरला कळवणारे वायरलेस ट्रान्समीटर दोघांनी घेतले आहेत. एकमेकांची हवा आपापल्या कॉम्प्युटरवर दिसावी अशी इच्छा आहे. जोडणी कशी करायची? नळीला जोडलेला, दाब दाखवणारा काट्याचा गेज काढून टाकला तर चालेल का? – वाचक, पुणे

उत्तर : काट्याचा गेज काढू नका. बहुतेक फर्स्ट स्टेजना (रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग) दोन हाय प्रेशर पोर्ट, म्हणजे सिलिंडरचा पूर्ण दाब मिळणारी भोकं, असतात. एकावर ट्रान्समीटर लावा, दुसऱ्यावर गेज राहू द्या. कॉम्प्युटर ज्या मनगटावर बांधता त्याच बाजूचा पोर्ट ट्रान्समीटरसाठी निवडा. आटे हातानेच बसवा आणि शेवटी धातूच्या भागाला पाना लावून हलकेच आवळा. हवा अडवते ती ओ-रिंग (रबरी कडं), जोर नव्हे. प्लास्टिकचं अंग धरून पिळलं तर ट्रान्समीटर तुटतो.

काही ट्रान्समीटरवर छापलेला क्रमांक कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. काही मात्र सिलिंडर उघडल्यावर कॉम्प्युटर जवळ नेला की जुळतात. या दुसऱ्या प्रकारात जोडीदाराचा संच बंद करून निदान तीन मीटर लांब ठेवा, नाहीतर त्याचाच ट्रान्समीटर तुमच्या नावावर चढतो. मग उरलेल्या वेळेचा हिशोब भलत्याच सिलिंडरवरून होतो, आणि हा घोळ पाण्यात सहज लक्षात येत नाही, कारण सुरुवातीला दोन्ही आकडे २०० बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपासच असतात. म्हणून बोटीवरच खात्री करा : दोघांनी हवा उघडायची, एकाने आपल्या रेग्युलेटरचं पर्ज बटण (हवा सोडून देणारं) काही सेकंद दाबायचं, आणि दोन्ही कॉम्प्युटरवर कोणता आकडा उतरतो ते बघायचं. मग दुसऱ्याने तेच करायचं.

आता मुख्य मुद्दा, अंतर. खारं पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. त्यामुळे बरेच ट्रान्समीटर ३८ किलोहर्ट्झच्या आसपासची अगदी कमी वारंवारता वापरतात आणि त्यांचा पल्ला जेमतेम एक ते दीड मीटर असतो. स्वतःच्या सिलिंडरसाठी तेवढा पुरतो. बडी मात्र दोन मीटर बाजूला गेला किंवा मध्ये कुणाचं अंग आलं की त्याचा आकडा थांबतो. अनेक कॉम्प्युटर लगेच आकड्याऐवजी रेघा दाखवत नाहीत; शेवटचा आकडा काही काळ तसाच ठेवतात. ‘बडीकडे १२० बार आहेत’ असं वाटतं, पण तो आकडा मागचा असतो. गार्मिनचे ट्रान्समीटर रेडिओऐवजी ध्वनिलहरी वापरतात, त्यांचा पल्ला सुमारे १० मीटर आहे. बडीची हवा बघणं हाच हेतू असेल तर हा फरक खरेदीआधी जरूर विचारात घ्या.

एकाच जातीचे दोन ट्रान्समीटर ठरावीक सेकंदांनी संदेश पाठवतात. दोघांची वेळ एकच आली तर संदेश आदळतात आणि दोन्ही आकडे गायब होतात. यासाठी वेगवेगळ्या कालावधीचे, किंवा दुसऱ्याचा संदेश आधी ऐकून मग बोलणारे ट्रान्समीटर मिळतात. कॅमेऱ्याचा स्ट्रोब (फ्लॅश) चार्ज होताना किंवा डायव्हरला ओढून नेणारी पाण्यातली स्कूटर चालू असतानाही असाच अडथळा येतो. आकडा गेला तर मनगट ट्रान्समीटरजवळ नेऊन अर्धा मिनिट थांबा, काट्याचा गेज बघा. गेज नसेल तर बडीला खूण करून डाइव्ह तिथेच संपवा.

बडीला खुणेने हवा विचारणंही चालूच ठेवा. त्याने उत्तर द्यायला लावलेला वेळ आणि चुकीची बोटं यांवरून तो गोंधळला आहे का, ते कळतं. कॉम्प्युटर हे सांगत नाही.

काट्याच्या गेजचं आणखी एक काम आहे. उतरण्याआधी त्याच्याकडे बघत रेग्युलेटरमधून तीन-चार जोरदार श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली येऊन परत वर जात असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. ट्रान्समीटर काही सेकंदांनी एकदाच मोजतो, त्यामुळे ही थरथर त्याच्या आकड्यात हुकू शकते.

प्रश्न : ५० बार उरले की वर यायचं, हा नियम दोघांना पुरतो का? – वाचक, पणजी

उत्तर : खोलीवर अवलंबून आहे. नेहमीच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये ११.१ लिटर जागा असते, म्हणजे ५० बारला सुमारे ५५५ लिटर हवा. एकाची हवा संपली आणि दोघे एकाच सिलिंडरवर आले, प्रत्येकी मिनिटाला २० लिटर धरले (हे पृष्ठभागावर; खोलीवर दाबाच्या पटीत जास्त), तर १८ मीटरवर सावरायला एक मिनिट, नऊ मीटर प्रति मिनिट या वेगाने वर येणं आणि पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा मिळून सुमारे ४४५ लिटर, म्हणजे ४० बार लागतात. तेच ३० मीटरवरून ६१ बार होतात. घाबरलेला माणूस २० लिटरपेक्षा बराच जास्त ओढतो, म्हणून ३० मीटरवर आमचा आग्रह निदान ८० बारचा आहे. कॉम्प्युटरमधला राखीव आकडा सिलिंडरच्या आकारानुसार स्वतः भरा.

प्रश्न : सकाळी २०० बार दाखवणारा ट्रान्समीटर पाण्यात उतरताच १९० दाखवतो. बिघडला का? – वाचक, मालवण

उत्तर : नाही. भरताना आणि उन्हात तापलेली हवा पाण्यात थंड होते. ४५ अंशांवरून २८ अंशांवर आली की २०० चे सुमारे १८९ बार होतात. काट्याचा गेजही तितकाच उतरला ना, एवढं बघा. बोटीवरच्या मुलांना मात्र आधीच सांगा की सिलिंडर उचलताना ट्रान्समीटरला धरू नका. बाहेर आलेला तो ठोकळा मूठ समजून हात तिथेच जातो.