थंड इंजिन लगेच सुरू होतं, पण टिकत नाही: आधी हवेकडे बघा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: ऐंशीच्या दशकातली एल-जेट्रॉनिक इंजेक्शनची (बॉशची जुनी इलेक्ट्रॉनिक पेट्रोल-इंजेक्शन सिस्टीम) गाडी, सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, पण चार-पाच सेकंदांत आरपीएम ५००च्या खाली येतात आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बंद. इंजिन तापलं की सगळं सुरळीत. टेम्परेचर सेन्सर नवा टाकून झाला, आयडल स्क्रूही (पाय काढल्यावर इंजिन किती वेगाने फिरेल ते ठरवणारा) फिरवून झाला.

सगळ्यात आधी तो स्क्रू होता तिथे परत न्या. तो उघडून थंड इंजिन टिकलं, तरी तापल्यावर आयडल भलतंच चढेल आणि मूळ दोष झाकलेला राहील.

गाडी लगेच सुरू होते म्हणजे कोल्ड स्टार्ट इंजेक्टर (थंड इंजिन सुरू करताना जादा पेट्रोल देणारा) आणि त्याला चालू-बंद करणारा थर्मो-टाइम स्विच बहुधा ठीक आहेत. पण तो इंजेक्टर फक्त सेल्फ मारताना पेट्रोल फवारतो. ते संपलं की इंजिनाला दोनच आधार उरतात: ईसीयू (इंजेक्शनचा कंट्रोल युनिट) वाढवून देतो ते पेट्रोल आणि ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्हमधून येणारी जादा हवा. ऑइल घट्ट असतं तेव्हा ही हवा नसेल तर इंजिन स्वतःचं ओझं पेलू शकत नाही. माझा पहिला संशय या व्हॉल्व्हवरच आहे.

त्याच्या आत एक फिरती चकती असते, तिला द्विधातूची पट्टी आणि पट्टीभोवती तापणारी तार. थंडीत भोक उघडं राहतं, इंजिन चालू झालं की तार तापते आणि साधारण ५ ते १० मिनिटांत भोक बंद होतं. वर्षानुवर्षं क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागातली) तेलकट वाफ जाऊन चकती चिकटते. बंद स्थितीत चिकटली तर तुमच्यासारखं होतं. उघडी अडकली तर उलट, गरम इंजिनाचं आयडल चढं राहतं.

तपासणी सोपी आहे. सकाळी गाडी कशीबशी चालू ठेवून व्हॉल्व्हचा होज पकडीने, रबर फाटणार नाही इतपत दाबा. आरपीएम स्पष्ट पडले तर हवा येते आहे. काहीच फरक नाही? मग व्हॉल्व्ह काढून टॉर्चच्या उजेडात बघा. थंड असताना आरपार भोक दिसलं पाहिजे, १२ व्होल्ट दिल्यावर ते हळूहळू मिटलं पाहिजे. दिसत नसेल तर त्यात कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर धुण्याचं द्रावण) भरून ठेवा, ओता, पुन्हा भरा. माझ्या गाडीतला तिसऱ्या खेपेला सुटला. पहिल्या धुण्यानंतर निराश होऊन नवा मागवू नका, जुन्या गाड्यांसाठी हा भाग मिळवणं सोपं नसतं.

व्हॉल्व्ह चांगला निघाला तर हवेची गळती शोधा. या सिस्टीममध्ये फ्लॅपवाल्या एअर मीटरमधून गेलेलीच हवा मोजली जाते, मागून चोरून शिरलेली नाही. थंड मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) भिंतींवर पेट्रोल साचतं, त्यामुळे मिश्रण आधीच पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं, झालेलं असतं. त्यात ही हवा मिसळली की इंजिन बंद पडतं, तापल्यावर तीच गळती खपून जाते. म्हणून ‘गरम असताना छान चालते’ म्हणजे गळती नाही, असं समजू नका. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथूनही न मोजलेली हवा शिरते, म्हणून आयडल डगमगलं पाहिजे. फरकच पडला नाही तर कुठेतरी आधीच भगदाड आहे. डिपस्टिकचं रबर आणि इंजेक्टरचे कडक झालेले ओ-रिंग हे नेहमीचे गुन्हेगार. शोधताना गरम इंजिनावर पेट्रोलजन्य स्प्रे मारू नका, आग लागते. धूर सोडून बघणं सुरक्षित.

सेन्सर नवा असला तरी रेझिस्टन्स ईसीयूच्या प्लगवर मोजा, म्हणजे वायरिंगही तपासली जाईल. मोजण्याआधी इग्निशन बंद करून प्लग काढून घ्या. २० अंशांना साधारण २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास हवेत. आणि नक्की कोणता सेन्सर बदललात तेही बघा, कारण शेजारीच डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याचा सेन्सर आणि थर्मो-टाइम स्विच असे दिसायला सारखे भाग बसलेले असतात.

थंड इंजिनावर प्रयोगाची संधी एका रात्रीमागे एकदाच मिळते. त्यामुळे रोज एकच चाचणी करा, वहीत आकडे लिहा. दोष निघाला की इंजिन पूर्ण गरम करून आयडल स्क्रू गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावा, आणि त्यानंतरच सीओ (धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण).