काजूच्या बोंडूंपासून प्लास्टिक होतं का?

प्रश्न : आमची दीड एकर काजूची बाग आहे. बी विकतो, बोंडू झाडाखालीच कुजतात. मुलगा म्हणतो, असल्या टाकाऊ फळांपासून आता प्लास्टिक करतात. खरं का? घरी काही करता येईल?
– एक बागायतदार, वेंगुर्ले तालुका

उत्तर : दादा, खरं आहे. बोंडूंच्या रसात साधारण दहा टक्के साखर असते. दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद तिचं लॅक्टिक आम्ल करतात. त्यातलं पाणी काढून रेणूंची लांब साखळी जोडली की पीएलए हे प्लास्टिक तयार होतं. हिशेब सांगते : शंभर किलो रसात दहा किलो साखर, तिच्यातून फार तर दहा किलो आम्ल आणि त्याचं आठ किलो प्लास्टिक. शुद्ध करताना यातलंही घटतं.

आम्ल वाढलं की जिवाणू मंदावतात, म्हणून टाकीत चुना घालत राहावं लागतं. पुढे चुन्याशी जोडलं गेलेलं आम्ल मोकळं करायला गंधकाम्ल वापरलं, तर किलोभर आम्लामागे जवळजवळ किलोभर जिप्सम उरतं. कारखाना काढू म्हणणाऱ्याला पहिल्यांदा विचारा, ते टाकणार कुठे? पुढची साखळी जोडायला निर्वात भांडी आणि दीडशे-दोनशे अंशांची उष्णता लागते. हे घरचं काम नव्हे.

तुमच्या हातातलं काम त्याआधीचं आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यांत महत्त्वाचं. मी नोकरीत असताना आम्ही किनाऱ्यावरून टेम्पोभर बोंडू मागवले. ते गोणत्यांत भरून रात्रभर प्रवास करून आले. गोणत्यांच्या बुडातून तपकिरी रस ठिबकत होता आणि तोंड सोडताच फेणीचा वास आला. सालीवरच्या यीस्टने आमच्या आधीच साखरेची दारू केली होती. सगळा माल फेकावा लागला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण बागायतदाराची मेहनत त्यात होती. तेव्हापासून सांगते : गोणतं नको, क्रेट हवा, सकाळी वेचलेला बोंडू दुपारच्या आत पिळायला हवा.

आणखी एक. पीएलए आपल्या खाडीत पडलं तर वर्षानुवर्षं तसंच राहतं; ते कुजायला साठेक अंशांचं तापलेलं कंपोस्ट लागतं. पीएचए नावाचं दुसरं प्लास्टिक जिवाणू स्वतःच्या पेशीतच साठवतात, आपल्या अंगावर चरबी साठते तसं. १९२६ मध्ये लमॉन्य या फ्रेंच संशोधकांनी ते ओळखलं. ते समुद्राच्या पाण्यातही कुजतं. महाग पडतं, पण जाळ्यात प्लास्टिक येणाऱ्या किनाऱ्याने आग्रह धरावा तो याचाच.

येत्या मार्चमध्ये एक करा. जवळच्या आंबा कॅनिंगवाल्यांकडे ब्रिक्समीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं साधन, असतं. एक बादली रस काढा, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी त्याचं ब्रिक्स मोजा, आणि ते तीन आकडे मला कळवा.