नाळेतलं रक्त साठवायला ७२ हजार द्यावेत का?

प्रश्न: पहिल्या वेळी बीपी वाढल्यामुळे ३१व्या आठवड्यातच सिझेरियन करावं लागलं. मुलगी २४ दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होती. आता ती तीन वर्षांची आहे, ठणठणीत आहे. तेव्हा बिल ४ लाख १० हजार झालं. ऑफिसच्या विम्यातून ७५ हजार मिळाले, बाकीच्यासाठी दागिने गहाण ठेवले. ते गेल्या दिवाळीत सोडवले. आता पुन्हा दिवस गेलेत, तेरावा आठवडा चालू आहे. नाळेतलं रक्त साठवणाऱ्या कंपनीचा माणूस ७२ हजारांचं पॅकेज घ्या म्हणतोय, सूट याच महिन्यापुरती आहे. "तुमची केस रिस्कची आहे, तुम्ही तर घ्यायलाच हवं," असं त्याचं म्हणणं. आमची २ लाखांची एफडी पुढच्या महिन्यात संपतेय, बचत खात्यात १ लाख आहेत आणि १२ हजारांची एसआयपी चालू आहे. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर:

ताई, पॅकेज घेऊ नका.

नाळेतलं रक्त साठवतात ते त्यातल्या मूळ पेशींसाठी (स्टेम सेल). पण बाळाचं साठवलेलं रक्त पुढे त्याच्याच कामी येईल असे प्रसंग फार थोडे. आजार जनुकातला असेल तर तोच दोष साठवलेल्या पेशींतही असतो. म्हणूनच खासगी बँकांत असं 'विमा' म्हणून रक्त साठवायची शिफारस आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, करत नाही. घरातल्या एखाद्या मुलाला थॅलेसेमियासारखा, प्रत्यारोपणाने बरा होणारा रक्ताचा आजार असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

तुमच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे, तो त्या माणसाने सांगितला नसणार. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाची नाळ लगेच न बांधता थोडं थांबलं, तर नाळेतलं रक्त बाळाच्या अंगात जातं. २०२३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात वीस चाचण्यांतल्या तीन हजारांहून अधिक बाळांचा एकत्रित अभ्यास आला. नाळ लगेच बांधली तिथे ८.२ टक्के बाळं दगावली, निदान ३० सेकंद थांबले तिथे ६ टक्के. थांबलं की कंपनीच्या पिशवीत रक्त कमी जमतं, आणि लहानग्या बाळाच्या नाळेत ते मुळातच थोडं. म्हणजे ज्या धोक्याची भीती दाखवून पॅकेज विकतायत, तो धोका खरा ठरला तर ते रक्त बाळालाच हवं असणार! (बाळाला लगेच श्वासासाठी मदत लागली तर डॉक्टर थांबणार नाहीत, तो निर्णय त्यांचा.)

आता पैसे. मागच्या वेळी तुमच्या खिशातून ३ लाख ३५ हजार गेले. आज हाताशी ३ लाख आहेत. पॅकेज घेतलंत तर २ लाख २८ हजार उरतात आणि तसंच बिल आलं तर लाखाच्या वर कमी पडतात, म्हणजे पुन्हा सोनाराचं दार. पॅकेज नाही घेतलं तर तूट ३५ हजारांची. ३१वा आठवडा यायला चार महिने आहेत, तेवढे दिवस एसआयपी थांबवा. त्यातून ४८ हजार होतात, तूट भरून निघते. एसआयपी थांबवा म्हणणारा सल्लागार विरळाच, पण इथे तेच शहाणपणाचं आहे. हॉस्पिटलचे दर या तीन वर्षांत वाढले असणारच, म्हणून जमेल तेवढं वर टाकत राहा. एफडी संपली की पन्नास-पन्नास हजारांच्या चार करा, म्हणजे लागेल तेवढीच मोडता येईल.

मला जास्त खटकला तो ७५ हजारांचा आकडा. ही बहुधा बाळंतपणाची मर्यादा असावी आणि बाळाचं बिलही त्यातच कोंबलं गेलं असावं. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत बाळ पहिल्या दिवसापासून कुटुंबाच्या पूर्ण विमारकमेत धरतात. एचआरला ईमेलवर दोनच गोष्टी विचारा: एनआयसीयूचा खर्च कोणत्या मर्यादेत येतो, आणि जन्मानंतर किती दिवसांत बाळाचं नाव घालायचं. तोंडी उत्तर घेऊ नका. नवी पॉलिसी आता काढून या बाळंतपणाला उपयोग नाही, वेटिंग पिरियड (सुरुवातीचा काळ, ज्यात बाळंतपणाचा खर्च मिळत नाही) आडवा येतो.

महात्मा फुले जनआरोग्य योजना २०२४पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. तुमचं हॉस्पिटल यादीत आहे का आणि नवजात बाळांचे उपचार तिथे योजनेत होतात का, हे आत्ताच बघून ठेवा. नाव नोंदवताना एनआयसीयूचा रोजचा दर विचाराल, तेव्हा व्हेंटिलेटर, फुप्फुसांसाठीचं सर्फॅक्टंट आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी त्यात धरली आहे का तेही विचारा. मागचं बिल काढून बघा, या ओळी वेगळ्याच लागलेल्या दिसतील. एनआयसीयू त्याच इमारतीत असलेलं हॉस्पिटल थोडं महाग पडलं तरी घ्या.

आणि एक प्रश्न माझ्या प्रांतातला नाही, पण तुमच्या हातात वेळ थोडा आहे म्हणून लिहितो. २०१७च्या एका मोठ्या चाचणीत धोका जास्त असलेल्या बायकांना ११ ते १४ आठवड्यांदरम्यान कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू केली, तेव्हा ३७ आठवड्यांआधी होणारा प्री-एक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा गंभीर आजार) साठ टक्क्यांहून अधिक घटला. पहिलटकरणींवरच्या दुसऱ्या एका चाचणीत आपलं नागपूर आणि बेळगावही होतं. तिथेही मुदतपूर्व जन्म थोडे कमी झाले. गोळी स्वस्त आहे, पण मनाने घेऊ नका. याच आठवड्यात जुन्या फायली घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तुम्हाला ती चालेल का ते विचारा. कंपनीच्या माणसाला काय सांगायचं ते नंतर बघता येईल, त्याची सूट पुढच्या महिन्यातही असेलच.