वाचकांचे प्रश्न : उत्तर उताऱ्यात कुठे आहे, ते दाखव

प्रश्न : मी पूर्वी सांगलीजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असे. यजमानांच्या व्यापारामुळे गेली चार वर्षे आम्ही चीनच्या झेजियांग प्रांतात, यिवू शहरात राहतो. आमच्या शेजारची मुलगी तिथल्या उच्च माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आपल्या हिशेबाने अकरावीत, आहे. ती मला ‘आयी’ म्हणते; चिनी भाषेत त्याचा अर्थ मावशी. दर रविवारी दुपारी ती इंग्रजीचे उतारे घेऊन येते. शब्द तिला पुष्कळ येतात, व्याकरणही पक्के आहे. तरी उताऱ्यांवरच्या पंधरा प्रश्नांपैकी सहा तरी चुकतातच, आणि तेही बहुधा शेवटच्या दोन उताऱ्यांतले. मी प्रत्येक उतारा ओळीने समजावून सांगते, तिच्याकडून सारांश लिहून घेते, पण गुण जिथल्या तिथेच आहेत. गाओकाओसाठी, म्हणजे चीनमधल्या विद्यापीठ-प्रवेशाच्या परीक्षेसाठी, हा सराव कसा घ्यावा?
— एक वाचक, यिवू

उत्तर : आपली कळकळ पत्रातून दिसते, आणि ‘आयी’ हे संबोधन मराठी कानाला किती गोड वाटत असेल याची मला कल्पना आहे. तरीही स्पष्ट सांगणे भाग आहे. आपण त्या मुलीला उतारा शिकवत आहात. तिला गरज आहे ती प्रश्न सोडवायला शिकण्याची. या दोन गोष्टींत जेवढे अंतर आहे, तेवढेच तिचे गुण मागे पडत आहेत.

आधी प्रश्नपत्रिकेचे स्वरूप ध्यानात घेऊ. गाओकाओची इंग्रजीची प्रश्नपत्रिका 150 गुणांची आणि 120 मिनिटांची असते. झेजियांगमध्ये जी नव्या धर्तीची राष्ट्रीय प्रश्नपत्रिका चालते, तिच्यात श्रवणाला 30 गुण, वाचनाला 50, गाळलेल्या जागा आणि व्याकरण मिळून 30, आणि लेखनाला 40 गुण असतात. वाचनाच्या 50 पैकी साडेसदतीस गुण चार उताऱ्यांवरच्या पंधरा प्रश्नांना आहेत, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला अडीच. सहा प्रश्न चुकले की पंधरा गुण गेले. लेखन विभागातल्या पत्रवजा मजकुराला तेवढेच गुण असतात. म्हणजे तो प्रश्न पूर्ण कोरा सोडल्यासारखेच हे नुकसान आहे.

चार उताऱ्यांचा चढ साधारण ठरलेला असतो. पहिला उतारा व्यवहारातला असतो : एखाद्या संग्रहालयाची माहिती, शिबिराची जाहिरात, वेळापत्रक. दुसऱ्यात बहुधा एखाद्या व्यक्तीची किंवा अनुभवाची हकीकत येते. तिसरा आणि चौथा उतारा विज्ञान, समाज, संशोधन यांविषयीचा असतो आणि त्यात एकाहून अधिक मते गुंफलेली असतात. पहिल्या दोन उताऱ्यांत माहिती शोधून काढली की काम भागते. पुढच्या दोन उताऱ्यांत मात्र कोणते मत लोकांचे, कोणते संशोधकाचे आणि कोणते खुद्द लेखकाचे, हे वेगळे काढावे लागते. आपली विद्यार्थिनी अडखळते ती नेमकी इथे, आणि याच ठिकाणी शब्दांचा साठा कामाला येत नाही.

हे एका नमुन्याने दाखवतो. समजा, असा उतारा आहे (तो मीच रचला आहे) : शहरांतल्या गच्च्यांवर आणि बागांत मधमाश्यांच्या पेट्या ठेवण्याची लाट आली आहे, आपण मधमाश्या वाचवत आहोत असे ही हौस करणाऱ्यांना वाटते. ‘हाउएव्हर’, पेट्यांतल्या पाळीव माश्या फार वाढल्या की फुलांतल्या मधासाठी रानमाश्यांशी त्यांची चुरस होते, आणि जिथे फुले थोडी तिथे रानमाश्या मागे पडू शकतात. प्रश्न असा : शहरातल्या पेट्यांविषयी लेखकाचे काय मत आहे? पर्याय चार : एक, त्यांमुळे मधमाश्या वाचतील; दोन, त्यांमुळे सर्वच माश्यांचे नेहमी नुकसान होते; तीन, त्यांतला मध बाजारातल्या मधापेक्षा स्वस्त पडतो; चार, त्यांमुळे रानमाश्या अडचणीत येऊ शकतात.

सगळे शब्द येणारी मुलगीही इथे पहिला पर्याय निवडू शकते, कारण ‘वाचवणे’ हा शब्द तिला उताऱ्यात दिसलेला असतो. तो उताऱ्यात आहेच, पण ते मत हौशी लोकांचे आहे, आणि ‘हाउएव्हर’नंतर लेखकाने वळण घेतले आहे. एकाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर खपवण्याच्या या युक्तीला तिथले शिक्षक ‘थोउ-ह्वान काय-न्येन’, म्हणजे कल्पनेची गुपचूप अदलाबदल, म्हणतात. दुसऱ्या पर्यायात ‘सर्वच’ आणि ‘नेहमी’ हे दोन शब्द घुसवले आहेत. उताऱ्यात ‘शकतात’ एवढेच होते. तिसऱ्या पर्यायातली किमतीची गोष्ट उताऱ्यात कुठेच नाही. अशा पर्यायाला ते ‘वू चुंग शंग यो’ म्हणतात, म्हणजे काही नसताना काहीतरी निर्माण करणे. छत्तीस डावपेचांच्या जुन्या चिनी यादीतला हा एक डाव आहे आणि आपल्या विद्यार्थिनीला तो नावानिशी ठाऊक असेल. आपण ही नावे शिकून घेतलीत आणि तिच्याशी तिच्या शाळेच्या बोलीत बोललात, तर चूक कशामुळे झाली हे तिला चटकन उमगेल.

म्हणून रविवारच्या तासाची रीत बदला. तिने उतारा सोडवावा, आणि आपण एकच गोष्ट विचारावी : उत्तर उताऱ्यात कुठे आहे, ते बोट ठेवून दाखव. तिने त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि उरलेल्या तीन पर्यायांपुढे ते का चुकले हे दोन-तीन शब्दांत लिहावे, चिनीत लिहिले तरी चालेल. बरोबर आलेल्या प्रश्नांनाही हाच नियम लावा, कारण अंदाजाने बरोबर आलेले उत्तर पुढच्या वेळी त्याच अंदाजाने चुकते. पहिल्या दोन रविवारी हे काम फार संथ होईल, एका उताऱ्याला अर्धा तासही लागेल. तो लागू द्या.

महाराष्ट्रातल्या बारावीच्या कृतिपत्रिकेचा सराव आपल्या हाताला आहे. तिथे उताऱ्यावर स्वतःच्या शब्दांत लिहायचे असते, स्वतःचे मत मांडायचे असते, आणि त्यासाठी सारांश लिहून घेणे योग्यच होते. गाओकाओच्या या पंधरा प्रश्नांत मात्र विद्यार्थ्याच्या मताला जागा नाही. मधमाश्यांविषयी तिला स्वतःला काय वाटते आणि विज्ञानाच्या पुस्तकात काय आहे, हे दोन्ही बाजूला ठेवून फक्त समोरच्या छापील मजकुराशी इमान राखायचे असते. हुशार मुलांना हे विशेष जड जाते.

शब्दांबद्दल थोडे. तिथल्या अभ्यासक्रमात गाओकाओपर्यंत सुमारे 3000 शब्द अपेक्षित आहेत, आणि यादीबाहेरचा एखादा अवघड शब्द उताऱ्यात आला तर त्याचा चिनी अर्थ पुष्कळदा शेजारीच छापलेला असतो. त्यामुळे खरी अडचण अपरिचित शब्दांपेक्षा परिचित शब्दांचीच होते. अपरिचित शब्दाला चिनीत ‘शंग-त्स’, म्हणजे शब्दशः कच्चा शब्द, म्हणतात. आणि ओळखीचा शब्द अनोळखी अर्थाने आला की त्याला ‘शू-त्स शंग-ई’, म्हणजे शिजलेला शब्द आणि कच्चा अर्थ. मला ही उपमा फार नेमकी वाटते. ‘ॲड्रेस’ म्हणजे पत्ता हे तिला पाचवीपासून ठाऊक असते, पण ‘ॲड्रेस द प्रॉब्लेम’ म्हणजे प्रश्नाला हात घालणे, हे कळले नाही तर सबंध परिच्छेद हातचा जातो. अशा शब्दांसाठी तिची वेगळी वही असू द्या. तीत यादीतून उचललेले शब्द नकोत. ज्यांच्यामुळे एखादे उत्तर चुकले तेच शब्द, त्या मूळ वाक्यासकट, आठवड्याला पाच या बेताने उतरवावेत. वाचताना मध्येच शब्दकोश उघडू देऊ नका.

लांब वाक्यांच्या बाबतीत मराठी माणूस तिला इंग्रजांपेक्षाही चांगली मदत करू शकतो. ‘वो त्सुओ-थ्येन माय द शू’ या चिनी शब्दांचा क्रम पाहा : मी, काल, घेतलेले, पुस्तक. आपले ‘मी काल घेतलेले पुस्तक’ अगदी याच क्रमाने चालते. चिनीत आणि मराठीत विशेषणाचा सारा पसारा नामाच्या आधी येतो. इंग्रजीत मात्र ‘द बुक दॅट आय बॉट यस्टरडे’ असे नाम आधी येऊन शेपूट मागून लांबते. चौथ्या उताऱ्यातल्या चार-चार ओळींच्या वाक्यात कर्ता सुरुवातीला आणि मुख्य क्रियापद पार पलीकडे असते, आणि मधल्या शेपटातले क्रियापद मुख्य समजून मुले फसतात. आपणही शाळेत असताना याच ठिकाणी अडखळला असाल. तिला ‘दॅट’, ‘विच’, ‘हू’ यांच्यापासून सुरू होणारा भाग कंसात टाकायला सांगा आणि कंस वगळून वाक्य वाचायला लावा. क्रियापदाचे काळही तपासून घ्या. चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही, म्हणून ‘यूज्ड टू’सारखी पूर्वीची आणि आता मोडलेली सवय सांगणारी रचना नजरेतून निसटते.

सरावासाठी मागील वर्षांच्या प्रत्यक्ष गाओकाओच्या प्रश्नपत्रिका घ्या. त्यांना ‘चन-थी’, म्हणजे खरे प्रश्न, म्हणतात. बाजारातल्या सराव-संचांत पुष्कळदा दोन पर्याय सारखेच बरोबर वाटतात, आणि त्यावरून मुलांना फार नेमका विचार करण्याची नव्हे तर संशय घेण्याची सवय लागते. तीन नवे उतारे एकदा सोडवण्यापेक्षा एक खरा उतारा आठवड्याच्या अंतराने तीनदा सोडवलेला बरा. वेळेचे गणित शेवटच्या तीन महिन्यांत घाला : श्रवणाची वीसेक मिनिटे आणि लेखनाची चाळीस वजा जाता, सगळ्या वाचनाला पस्तीस मिनिटे धरावीत.

एक तारीख लक्षात असू द्या. गाओकाओ जूनमध्ये असली तरी झेजियांगमध्ये परदेशी भाषेची परीक्षा जानेवारीतही देता येते आणि दोहोंपैकी जास्त गुण धरले जातात. म्हणजे आपल्या विद्यार्थिनीची पहिली संधी तिसऱ्या वर्षाच्या मध्यावरच येणार आहे.

प्रश्न : मी नाशिकहून काही चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते. त्यांच्या प्रश्नपत्रिकेत पाच गाळलेली वाक्ये सात पर्यायांतून भरायची असतात. माझे विद्यार्थी उतारा पुन्हा पुन्हा वाचतात आणि तरी गोंधळतात. एक चुकले की दुसरेही चुकते.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हा प्रश्न ‘छी श्वेन वू’, म्हणजे सातातून पाच, या नावाने ओळखला जातो. त्याला साडेबारा गुण आहेत आणि दोन वाक्ये मुद्दाम जादा दिलेली असतात. इथे उतारा पुन्हा पुन्हा वाचून फारसे साधत नाही. रिकाम्या जागेच्या लगेच आधीचे आणि लगेच नंतरचे, अशी दोनच वाक्ये समोर ठेवावीत आणि सांधा कुठे जुळतो ते पाहावे. नंतरच्या वाक्यात ‘दे’, म्हणजे ‘ते’ किंवा ‘त्या’, आले असेल तर गाळलेल्या वाक्यात अनेकवचनी नाम हवे; आधीच्या वाक्यात प्रश्न असेल तर इथे उत्तर हवे. जागा परिच्छेदाच्या सुरुवातीला असेल तर ते वाक्य खालच्या सगळ्या परिच्छेदाला पुरले पाहिजे, एकाच उदाहरणाला पुरून चालणार नाही. ज्या जागेची खात्री आहे ती आधी भरावी, क्रमाने जाण्याचा हट्ट धरू नये. एका चुकीने दुसरी चूक होते ती या हट्टापायी.

प्रश्न : माझी भाची शांघायमध्ये शिकवते. तिच्या विद्यार्थ्यांचे पालक म्हणतात की इंग्रजी गोष्टींची पुस्तके वाचणे म्हणजे परीक्षेचा वेळ वाया घालवणे. आपले मत काय?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : पालकांची चिंता मला समजते, कारण तिसऱ्या वर्षाला तिथल्या मुलांना खरोखरच वेळ नसतो. पण बहुतेक प्रांतांत आता चालणाऱ्या प्रश्नपत्रिकेत, लेखनाच्या 40 पैकी 25 गुण एका अर्धवट गोष्टीला आहेत. सुमारे 350 शब्दांची कथा देतात, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्ये देतात, आणि विद्यार्थ्याने साधारण 150 शब्दांत ती पुरी करायची असते. झेजियांगने 2016 मध्ये हा प्रश्न प्रथम आणला. पात्राने पहिल्या परिच्छेदात खिशात ठेवलेली किल्ली शेवटी कामी येणार आहे, हे ओळखण्याची नजर गोष्टी वाचूनच येते. शांघायची प्रश्नपत्रिका स्वतंत्र असते, म्हणून आपल्या भाचीने आधी तिचा आराखडा पाहावा. तरी पहिल्या वर्षाच्या मुलांना रोज रात्री वीस मिनिटे गोष्ट वाचू द्यावी, आणि पुस्तक संपायच्या दोन पाने आधी ते मिटून पुढे काय होईल ते त्यांना लिहायला सांगावे.