कॅल्शियम 9.2, तरी हाडं विरळ कशी?

तुमचे प्रश्न दोन: रक्तातलं कॅल्शियम 9.2 (मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर) असताना डेक्सात, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, हाडं विरळ कशी निघाली, आणि स्नायूंच्या आकुंचनाला कॅल्शियम लागतं तर ते घटल्यावर स्नायू ढिले पडण्याऐवजी पेटके का येतात.

प्रौढ शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं 99 टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात एक ग्रॅमही नाही. पण हृदय आणि नसा (मज्जातंतू) त्या एवढ्याशावर चालतात, म्हणून शरीर हाडं झिजवून रक्तातली पातळी 8.5 ते 10.5च्या दरम्यान राखतं. पातळी जरा घसरली की थायरॉइडमागच्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच हे संप्रेरक सोडतात. हाडांतून कॅल्शियम सुटतं, मूत्रपिंड ते लघवीवाटे जाऊ देत नाही, शिवाय ड जीवनसत्त्व सक्रिय करतं आणि आतड्यातलं शोषण वाढतं. म्हणजे 9.2 हा आकडा नियंत्रण शाबूत असल्याचं सांगतो, साठ्याचं काहीच नाही. सोबत पीटीएच, ड जीवनसत्त्व, अल्ब्युमिन (कॅल्शियमला बांधून ठेवणारं रक्तातलं प्रथिन) आणि क्रिअ‍ॅटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) बघायला हवं. ड कमी आणि पीटीएच जास्त असेल तर हाडांतून उचल चालू आहे असं समजा. मात्र वयानुसार येणाऱ्या विरळपणात हे सगळे आकडे नॉर्मलही असू शकतात.

पेटक्यांचं कोडं खरं मजेशीर. स्नायूपेशीचं आकुंचन तिच्या आतल्या साठ्यातल्या कॅल्शियमवर होतं: ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, वाट अडवून बसलेलं ट्रोपोमायोसिन बाजूला सरकतं आणि मायोसिनचे धागे अ‍ॅक्टिनच्या धाग्यांना ओढतात. रक्तातलं कॅल्शियम घटलं म्हणून हा साठा लगेच रिकामा होत नाही. बाहेरचं कॅल्शियम नसांना आवरून धरतं. ते घटलं की नसेतली सोडियम आत घेणारी दारं सहज उघडतात, नस विनाकारण संदेश सोडते. म्हणून ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडणं. घाबरून भराभर श्वास घेतल्यावरही हेच होतं, कारण रक्त अल्कधर्मी झालं की मोकळं कॅल्शियम अल्ब्युमिनला बांधलं जातं. एकूण आकडा तेवढाच दिसतो. मॅग्नेशियम फार कमी असेल तर पीटीएच नीट सुटत नाही, मग कितीही कॅल्शियम द्या, पातळी चढत नाही. पण नुसते रात्रीचे पोटरीचे गोळे बहुतेक वेळा कॅल्शियममुळे नसतात.

हाडाला ताणही लागतो. बायसेप्स कोपरापासून जेमतेम 4-5 सेंटीमीटरवर जोडलेला आहे, वजन हातात सुमारे 35 सेंटीमीटरवर. त्यामुळे 5 किलो धरायला स्नायू 35-44 किलोच्या जोराने हाड ओढतो. ही ओढ बंद झाली की हाड विरळ होतं. अंथरुणाला खिळलेल्यांत हेच घडतं.

कॅल्शियमची गोळी लिहून दिली असेल तर एका वेळी 500 मिलिग्रॅम कॅल्शियमपर्यंतच घ्या, त्याहून जास्तीचं शोषण घटतं. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत, कॅल्शियम सायट्रेटची केव्हाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर मध्ये चार तास जाऊ द्या.