मादागास्करला जाण्यापूर्वी प्लेगची लस घ्यावी का?

प्रश्न : माझा मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीला असून सप्टेंबरअखेरीस त्याचा मुक्काम तीन आठवडे मादागास्करमधील तोमासिना बंदरात आहे. तेथे प्लेग असतो असे कळले. माझ्या सासूबाई सांगतात की, त्यांच्या आजीने प्लेगची लस टोचून घेतली होती. ती आता गोव्यात कोठे मिळेल?
– एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर : सासूबाई सांगतात ते खरे असणार. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी तेथेच ही लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. आज मात्र प्रवाशांना ती देत नाहीत. प्रयोगशाळेत या जंतूंशी रोजचा संबंध येणारे कर्मचारी आणि आरोग्यसेवक अशा जोखमीच्या गटांपुरतीच जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते. त्यामुळे लसीच्या शोधात आपण दिवस घालवू नयेत.

मादागास्करमध्ये प्लेगचा हंगाम साधारण सप्टेंबर ते एप्रिल असतो आणि २०१७ च्या साथीत, जिने दोनशेहून अधिक बळी घेतले, तोमासिनाही सापडले होते. तरीही काळजी घेणाऱ्या प्रवाशाला धोका कमीच असतो. उंदीर पडू लागले की प्लेग येतो, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते, कारण मेलेल्या उंदराला सोडून पिसवा माणसाकडे वळतात. म्हणून मेलेल्या प्राण्याला हात लावू नये, जमिनीवर झोपू नये, अंगभर कपडे घालून उघड्या त्वचेवर कीटकांना दूर ठेवणारे, डीईईटी हे रसायन असलेले मलम लावावे. खोकणाऱ्या रुग्णांपासून आणि अंत्यविधीच्या गर्दीपासून दूर राहावे. रुग्णाशी निकटचा संबंध आलाच, तर डॉक्टर सात दिवस डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात. ते आधीपासून आपल्या मनाने सुरू करू नये.

प्रवासात पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेला देश लागत असल्यास त्या लसीचा दाखला लागू शकतो. ती लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी लागते.

मला खरी चिंता वाटते ती परतल्यानंतरची. प्लेगची लक्षणे एक ते सात दिवसांत दिसतात : थंडी वाजून ताप, जांघेत, काखेत किंवा मानेत दुखरी गाठ, फुप्फुसाचा प्लेग असल्यास खोकला, धाप आणि रक्तमिश्रित थुंकी. फुप्फुसाचा प्लेग उपचाराविना जवळजवळ नेहमीच जीव घेतो, पण लक्षणे दिसल्यापासून चोवीस तासांत प्रतिजैविके मिळाली तर रुग्ण वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. ऑक्टोबरात गोव्यात ताप आला की डेंग्यू किंवा मलेरियाचीच शंका प्रथम येते, आणि मलेरियाची तपासणी तर त्यालाही करावीच लागेल. पण ताप आल्यास ‘मी मादागास्करहून आलो आहे’ हे त्याने डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे, आणि खोकला असेल तर घरातून निघतानाच मास्क लावावा.