घरात माणूस गेल्यावर पहिल्या वर्षी दिवाळी करावी का?

ताई, तुमचा प्रश्न तीनदा वाचला. सासरे भाद्रपदात गेले, सासूबाई म्हणतात यंदा दारात आकाशकंदीलसुद्धा लावायचा नाही, नवरा गप्प आहे आणि चार वर्षांची लेक रोज विचारते की किल्ला कधी करायचा. मी काही शास्त्र जाणणारी नाही. आमच्याकडे २०२३ साली जे झालं ते सांगते. त्यातलं तुमच्या घराला लागू पडेल ते घ्या.

आम्ही वाईचे. माझे सासरे, अण्णा, गणिताचे शिक्षक होते. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. माझ्या मुलीचं लग्न मे महिन्यात झालेलं, म्हणून धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे दिले. गणपतीत सगळी भावंडं घरी आली आणि गौरी जेवल्या त्याच पंगतीत ठरलं की दसऱ्याला अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं. अण्णांनी तिथेच नातवाच्या पाटीवर हिशोब मांडला. ऐंशी वर्षं दहा महिने म्हणजे ९७० महिने, त्यात तीसेक अधिक मास, झाल्या हजार पौर्णिमा. यंदाच्या अधिक मासाने आपल्याला एक पौर्णिमा जास्तीची दिली, याचा त्यांना फार आनंद होता.

२४ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, कणकेचे ८१ दिवे लावून आम्ही त्यांना ओवाळलं. चार दिवसांनी कोजागिरी आली, आणि नेमकं त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. दुपारपासून वेध, म्हणून आई (माझ्या सासूबाई) मसाला दूध करायलाच तयार नव्हत्या. अण्णा म्हणाले, "अगं, सावली ती. सावलीला काय घाबरायचं?" रात्री एक वाजून गेल्यावर ते नातवंडांना घेऊन गच्चीवर गेले. चंद्राचा एवढासा तुकडा काळवंडला होता, तो दाखवून पृथ्वी गोल कशी ते त्यांनी समजावलं.

३१ ऑक्टोबरच्या पहाटे अण्णा झोपेतच गेले. गच्चीवरचा गारठा त्यांना बाधला का, मी त्यांना अडवायला हवं होतं का, हे मला पुढे कितीतरी दिवस छळत होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हृदय थांबलं, थंडीचा त्यात संबंध नाही. तरी मन ऐकत नाही.

आता दिवस मोजा. दहावा आला वसुबारसेला, अकरावा धनत्रयोदशीला, आणि तेरावा थेट १२ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. त्या वर्षी नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नानही त्याच पहाटे होतं. म्हणजे गल्लीत फटाके वाजत होते आणि आमच्याकडे तेराव्याचा स्वयंपाक चालला होता.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळा काही केल्या शिवेना. नातीच्या दिवाळसणाचं बोलून झालं, शेतीचं बोलून झालं. शेवटी माझे यजमान हात जोडून म्हणाले, "अण्णा, आईला आम्ही एकटं पडू देणार नाही." मग शिवला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

दिवाळी करायची की नाही यावर घरात दोन तट होते. धाकटे दीर म्हणत, पोरांचा काय दोष? चुलत सासूबाई म्हणत, वर्षाच्या आत दारात दिवा दिसला तर लोक काय म्हणतील? गुरुजींनी दोघांना शांतपणे समजावलं. सुतक दहा दिवसांचं, ते संपलं. वर्षभर सण न करणं ही रूढी, ती गावागणिक आणि घरागणिक वेगळी. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला आयुष्यभर माहीत नव्हतं. महालयात, म्हणजे पितृपक्षात, पितर घरी येतात आणि आश्विन अमावास्येला परत निघतात. त्यांना वाट दिसावी म्हणून त्या संध्याकाळी चूड पेटवून उजेड दाखवायचा, असा जुना विधी आहे. त्याला उल्कादान म्हणतात. म्हणजे दिवाळीच्या उजेडात गेलेल्या माणसांचा वाटा आधीपासूनच आहे. हे ऐकल्यावर आई पहिल्यांदा काही बोलल्या. म्हणाल्या, "मग एक पणती लावा."

धनत्रयोदशीला आम्ही यमदीप लावला. एरवी दिव्याचं तोंड दक्षिणेकडे करू देत नाहीत, त्या एका संध्याकाळी मुद्दाम तसं करतात. कणकेचा दिवा, तेलाची वात, उंबऱ्याबाहेर. दर वर्षी मी तो दिवा घाईत ठेवून रांगोळीकडे वळायची. त्या वर्षी सगळं घर त्या दिव्यापाशी उभं राहिलं.

बाकी काही केलं नाही. कढई चढवली नाही, नवे कपडे नाहीत, कंदील नाही. फराळाचे डबे शेजारून आले. विहीणबाई स्वतः चकल्या आणि करंज्या घेऊन आल्या. मी दिवाळसणाचं अवघडून काढलं, तर म्हणाल्या, "तो पुढच्या वर्षी. आम्ही आईंना भेटायला आलोय." मुलांना मात्र पहाटे उटणं लावून न्हाऊ घातलं. ते योग्यच केलं असं मला आजही वाटतं.

आमची चूक झाली ती पाडव्याला. हे जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या घरचा आकाशकंदिलाचा वाद मला मुळात कंदिलाचा वाटत नाही.

पाडव्याला आई दर वर्षी अण्णांना ओवाळायच्या. लग्नाला जितकी वर्षं झाली तितके रुपये अण्णा तबकात टाकायचे. लग्न १९६६ सालचं, त्यामुळे आदल्या वर्षी छप्पन्न टाकले होते. त्या पाडव्याला आम्ही सगळ्यांनी आपापसांत ठरवलं की कुणी कुणाला ओवाळायचं नाही. आईंना त्रास नको. ठरवताना आईंना विचारायचं कुणाला सुचलं नाही. दिवस गप्प गेला. तिन्हीसांजेला त्या देवघरात अंधारातच बसल्या होत्या. मी दिवा लावायला गेले तर म्हणाल्या, "त्याला ओवाळणार नाहीस का आज?" मी म्हटलं, नाही ठरवलंय. आई इतक्या संतापलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "कुणी ठरवलं? मला विचारलंत? माझा पाडवा गेला, तो तुम्ही सगळ्यांचा घालवणार?"

मग त्यांनीच तबक काढलं, निरांजनात वात घातली. कुंकवाच्या करंड्यापाशी त्यांचा हात थांबला. तेवढा करंडा त्यांनी माझ्याकडे सरकवला. मी ओवाळत असताना त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. यजमानांनी तबकात पैसे टाकल्यावर हळूच म्हणाल्या, "यंदा सत्तावन्न झाले असते." मग त्या रडल्या. तेरा दिवसांत लोकांसमोर रडल्या नव्हत्या, त्या तिथे रडल्या, आणि यजमान त्यांच्याजवळ नुसते बसून राहिले. घाटावर दिलेला शब्द तेव्हा पाळला गेला असं मी मानते.

भाऊबीजेला अण्णांची धाकटी बहीण आली. वय शहात्तर. सकाळपासून सगळे तिच्याकडे पाहायचं टाळत होते. वानखेडेवर उपांत्य सामना चालू होता, कोहलीचं पन्नासावं एकदिवसीय शतक झालं, पण अण्णांच्या खुर्चीत बसून ते बघायला कुणी तयार होईना. सूर्य मावळल्यावर आत्याबाई निरांजन घेऊन एकट्याच गच्चीवर निघाल्या. भाऊ नसला की बहीण चंद्राला ओवाळते. पश्चिमेला डोंगरावर द्वितीयेची बारीक कोर होती. अठरा दिवसांपूर्वी अण्णा त्याच कठड्याशी उभे होते. आई आत्याबाईंच्या मागून जिना चढून गेल्या आणि वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून त्यांनी पदर आडवा धरला.

म्हणून, ताई, मी तुमच्या जागी असते तर कंदिलाचा विषय आज काढला नसता. सासूबाईंपाशी बसून एवढंच विचारलं असतं की आई, पाडव्याच्या संध्याकाळी तुम्हाला कसं बरं वाटेल? घरात राहायचंय, लेकीकडे जायचंय, की आम्ही नेहमीसारखं करावं? त्या गप्प राहिल्या तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा. उत्तर "काहीच नको" असं आलं तर तेही मनापासून माना, पण विचारल्याशिवाय ठरवू नका. नवऱ्यालाही वेगळं विचारा. वडील गेलेत त्यांचे, आणि दिवसकार्याच्या धावपळीत मुलग्यांना रडायला सवड मिळत नाही, हे मी घरात पाहिलंय. यमदीप मात्र लावा. मला वाटतं त्याला सासूबाईही नाही म्हणणार नाहीत. शक्य झालं तर दिवा त्यांनाच ठेवू द्या.

आणि किल्ल्याला कुणाची परवानगी लागू नये. ती मातीच आहे. लेकीला आजच दोन घमेली माती आणून द्या आणि वरून अळीव पेरा, चार दिवसांत हिरवं दिसायला लागतं.